झाडाऐवजी लॉकर

किल्ली माझ्या हातात होती आणि लॉकर सापडत नव्हता.

"इथंच होता," मी म्हणालो.

विमलअक्कानं चाकांची बॅग भिंतीशी टेकवली, उंच भिंतीकडे बघावं तसं समोरच्या बंद शटरकडे बघितलं आणि स्वेटरचं वरचं बटण लावलं. लॉकर तिथं नव्हताच. लोणच्याचं एक दुकान होतं, तेही अजून उघडलेलं नव्हतं.

"पुढच्या वळणावर असेल," मी म्हणालो. "दोन मिनिटं."

२००१ सालच्या डिसेंबरची सव्वीस तारीख. सकाळचे साडेनऊ. ओसाका शहरात उमेदा नावाचं मोठं स्टेशन आहे आणि त्याच्या पोटात दुसरं शहरच आहे. दुकानांचे रस्ते, खाणावळींचे रस्ते, नुसतेच चालायचे रस्ते, सगळे जमिनीखाली एकमेकांत गुंतलेले. वर पाऊस असो, बर्फ असो, लोक खालून जातात. विमानतळाची बस वरच्या रस्त्यावरून दहा चाळीसला सुटणार होती. अक्काचं तिकीट बदलून मिळणारं नव्हतं. अठ्ठावीस तारखेला मिरजेहून तिची म्हातारी आई आणि सगळे भाऊबंद कृष्णेच्या घाटावर येऊन बसणार होते. आणि ज्याच्यासाठी बसणार होते त्या दिगंबरच्या, अक्काच्या धाकट्या भावाच्या अस्थी, मी आदल्या संध्याकाळी या भुयारातल्या एका लॉकरमध्ये ठेवल्या होत्या.

दिगू माझा कॉलेजातला दोस्त. सांगलीला चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो आणि दर रविवारी मिरजेला अक्काकडे जेवलो. तिसऱ्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा अक्कानं मला वसतिगृहातून उचलून आपल्या घरी नेलं, पंधरा दिवस दिगूच्या कॉटवर झोपवलं आणि दिगूला खाली सतरंजीवर. ती तेव्हा मराठी शाळेत मास्तरीण होती, नवरा एसटीत. दोन खोल्यांचं घर होतं.

नंतर मी ओसाकाला आलो, दोन वर्षांनी दिगूही आला, शेजारच्या गावातल्या कारखान्यात. कंपनीच्या वसतिगृहात एकटा राहायचा. डिसेंबरच्या मध्याला न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत गेला. चौतीस वर्षांचा होता. अक्काचा पासपोर्ट, व्हिसा होईपर्यंत त्याच्या कंपनीनं सगळं थांबवून ठेवलं. पंचवीस तारखेला दुपारी दहन झालं.

तिथली पद्धत अशी की दहनानंतर घरच्या माणसांनी दोघादोघांनी मिळून लांब काड्यांनी हाडं उचलायची आणि भांड्यात ठेवायची. अक्कानं आयुष्यात पहिल्यांदा त्या काड्या हातात धरल्या होत्या. तिच्या काड्यांतून काही निसटलं नाही. माझ्या काड्यांतून एक तुकडा निसटला तेव्हा ती म्हणाली, "सावकाश रे नंदू, घाई नाही त्याला." मग ते पांढरं भांडं लाकडी खोक्यात, खोकं पांढऱ्या कापडात, आणि कापडाची गाठ अक्काच्या हातात.

गाडीतून उमेदाला उतरलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. माझं घर तिथून गाडीनं दहा मिनिटांवर. अक्का जिन्याशी थांबली.

"घरी न्यायचं ना रे ह्याला?"

"अक्का, अस्थी कुठं घरात नेतात आपल्यात?" मी म्हणालो. "त्यात वृंदाला सातवा महिना आहे. सासूबाई वाईहून आल्यात, त्यांचं तर तुला माहीतच आहे."

"बरं," अक्का म्हणाली.

"तिकडं आपण झाडाला टांगून ठेवतो. इथं झाड कुठलं आणायचं? लॉकर आहेत. स्वच्छ, कुलूपबंद. उद्या बसला जाताना इथूनच घ्यायचं, उलट सोयीचं."

"तुला बरोबर वाटतंय ना? मग झालं."

मला बरोबर वाटत होतं. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूष होतो. रीतही सांभाळली आणि सोयही झाली. लॉकरला शंभर येनची तीन नाणी लागायची, माझ्याकडे दोनच होती. म्हणून एक च्युइंगगमचं पाकीट घेतलं, सुटे केले आणि खोकं आत ठेवलं. दार लावण्याआधी अक्का वाकली आणि आत बघून म्हणाली, "दिगू, येते हां सकाळी." मी इकडंतिकडं बघत होतो. कुणी ऐकलं तर, असं काहीतरी मनात होतं. मराठी ऐकणारं तिथं कोण असणार होतं!

आणि मी खूणही नीट लक्षात ठेवली होती. छोट्या चौकात लाल-चंदेरी गोळ्यांचं उंच ख्रिसमसचं झाड, त्याच्या उजव्या हाताला केक विकणारा तंबू, तंबूत लाल टोपीच्या दोन मुली, आणि त्यांच्या पाठीमागच्या गल्लीत लॉकर. आपण गावाकडे पत्ता सांगतो तसा. वडापासून डावीकडं, पिठाच्या गिरणीसमोर. चार वर्षांत मी तिथल्या जिन्यांचे नंबर कधी शिकलो नाही. प्रत्येक जिन्यावर नंबर असतो, जपानी माणूस नंबरानंच भेटतो. मला गरज वाटली नव्हती. भारतातून कोणी आलं की मीच त्यांना हे भुयार दाखवायचो, पुढं पुढं चालत, हात नाचवत. पट्टीचे पोहणारेच बुडतात म्हणतात ते उगाच नाही.

कारण पंचवीसच्या रात्री तिथं ख्रिसमस संपतो. संपतो म्हणजे नाव उरत नाही. दुकानं बंद झाली की शिड्या येतात, झाडं उतरतात, तंबू गुंडाळतात, आणि पहाटेपर्यंत सगळीकडे नवीन वर्षाचे बांबू, पाइनच्या फांद्या, वाळल्या गवताचे दोर लागलेले असतात. हे मला ठाऊक होतं. चार डिसेंबर पाहिले होते मी. पण ठाऊक असणं आणि आठवणं यात फरक आहे.

दुसऱ्या चौकात बांबू होते. तिसऱ्यातही बांबू होते.

"हाच," मी म्हणालो, आणि पाठीमागच्या गल्लीत गेलो. तिथं लॉकर होते. माझ्या किल्लीवर २१८ होतं, इथले नंबर चाळिसापर्यंतच जात होते.

"नंदू," अक्का मागून म्हणाली, "इथनं आपण मघाशी गेलो."

"नाही गं, तो दुसरा रस्ता."

"गेलो. तो बघ, बूटपॉलिशवाला. मघाशी त्या साहेबाचा डावा बूट पुसत होता, आता उजवा पुसतोय."

खरंच पुसत होता. दहाला दहा कमी होते.

मी बॅग तिच्या हातातून घेतली आणि जवळजवळ पळायला लागलो. वर्ष संपताना तिथं सगळेच घाईत असतात. काळ्या कोटांचा लोंढा समोरून यायचा, आम्हाला मध्ये घेऊन दोन्ही बाजूंनी निघून जायचा, कुणाचा धक्का नाही, कुणाचा आवाज नाही, नुसती पावलं. अक्का कॅनव्हासच्या बुटांत, साडी चार बोटं वर खोचून, माझ्या मागून येत होती. मी बोलत होतो. गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं कुणास ठाऊक, म्हणून बोलत होतो. हे बघ अक्का, इथं खाली कारंजं आहे. हे बघ, हा रस्ता थेट दुसऱ्या स्टेशनापर्यंत जातो. इथं दिगू आणि मी नूडल्स खायला यायचो.

"कुठं?"

"काय?"

"कुठं खायचात नूडल्स?"

मी थांबलो. दुकान समोरच होतं, शटर अर्धं वर होतं, आत कोणीतरी पातेलं घासत होतं. "इथं. उभ्यानंच खायची. दर रविवारी संध्याकाळी. त्याला वर अंडं लागायचं."

अक्कानं त्या अर्ध्या शटरखाली वाकून पाहिलं. आतल्या माणसाला वाटलं गिऱ्हाईक आलं, तो हातानं नाही नाही करायला लागला. ती सरळ झाली.

"चल," ती म्हणाली.

दहा वाजले आणि शटरं एकदम वर गेली. सगळ्या रस्त्यात एकदम दिवे, एकदम "या, या" असे पुकारे. आता तर ओळखीचा कोपराही अनोळखी झाला. भिंतीवरच्या नकाशासमोर मी उभा राहिलो. नकाशात लॉकरच्या खुणा मोजल्या, नऊ सापडल्या. आमचे चार पाहून झाले होते. घाम मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता. मनात हिशेब चालला होता की बस चुकली तर पुढची अकरा दहाची, ती धरली तर विमान बंद होता होता पोचू, आणि लॉकरच मिळाला नाही तर काय सांगायचं घाटावर? दिगू ओसाकात हरवला? मेल्यावर?

"नंदू, कुणाला तरी विचार."

"काय विचारू? इथं ते नंबर विचारणार. कुठल्या नंबरच्या जिन्याजवळ म्हणून."

"मग सांग, ठाऊक नाही म्हणून."

मला ते सांगायचं नव्हतं. अजूनही, त्या वेळीही, माझ्या डोक्यात हेच की परक्या माणसापुढं वेंधळं दिसायचं नाही. शेवटी अक्काच पुढं झाली. एक साठीची बाई ढकलगाडीतून फडकी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन चालली होती. राखाडी गणवेश, डोक्याला टोपी, छातीवर नावाची पट्टी: ताकेउची. अक्कानं माझ्या मुठीतली किल्ली काढून घेतली, तिच्यापुढं धरली आणि मराठीत म्हणाली, "बाई, हे कुठं आहे हो?"

ताकेउचीबाईंनी किल्ली बघितली. नंबर नाही बघितला. किल्लीच्या नारंगी मुठीवरून अंगठा फिरवला, कडेला टवका उडाला होता तो चाचपला.

"पूर्वेकडच्या जुन्या जिन्याखालचा," त्या मला म्हणाल्या. "नारंगी फक्त तिथं. मीच पुसते रोज. आत काय महत्त्वाचं आहे?"

मी अडखळलो. जपानी भाषेत त्या हाडांना एक आदराचा शब्द आहे, तो मला येत होता. तो म्हणालो. "यांच्या भावाचे," म्हणालो.

बाईंनी ढकलगाडी तिथंच भिंतीला लावली. काम सोडून जाणं तिथं किती मोठी गोष्ट आहे हे तिथं राहिलेल्यालाच कळेल. टोपी काढून हातात घेतली आणि पुढं चालायला लागल्या. वळण, वळण, चार पायऱ्या खाली, परत वर. त्यांच्या मागं अक्का, अक्काच्या मागं बॅग घेऊन मी. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या भुयारात सगळ्यांत मागं चालत होतो.

चौक आला. केकच्या तंबूच्या जागी काळ्या गोड घेवड्याचे आणि माशाच्या वड्यांचे डबे रचलेले. झाडाच्या जागी बांबू. या चौकातून आम्ही त्या सकाळी दोनदा गेलो होतो.

२१८. किल्ली फिरली. नाणी आत खळकन पडली. खोकं होतं तसं होतं, कापडाची गाठ अक्कानं बांधली तशीच.

अक्कानं दोन्ही हातांनी ते बाहेर घेतलं आणि छातीशी धरलं. ताकेउचीबाईंनी हातमोजे काढले, कमरेत पार वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग सरळ होऊन हळूहळू काही बोलल्या. अक्काकडे बघून बोलल्या, तिला कळणार नाही हे माहीत असून. शेवटी खोक्याकडे बघून एक वाक्य बोलल्या आणि डोळ्याला रुमाल लावला.

"काय म्हणाल्या?" अक्कानं विचारलं.

त्या म्हणाल्या होत्या, आमच्यात एकोणपन्नास दिवस घरातच ठेवतात. रोज ताजं पाणी, वाटीभर भात. माणूस नवीन असतो तिकडं, त्याला एकटं वाटू नये म्हणून. आणि शेवटी खोक्याला म्हणाल्या होत्या, रात्रभर एकटे होतात, मला ठाऊक असतं तर येऊन बसले असते.

"म्हणाल्या, प्रवास सुखाचा होवो," मी म्हणालो.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. "एवढं बोलल्या आणि एवढंच?"

"जपानी लांबलचकच असतं."

बसला पाच मिनिटं होती. अक्कानं ताकेउचीबाईंना हात जोडले, हात मोकळे नव्हते म्हणून खोक्यासकट जोडले, आणि आम्ही वर आलो. थंडी सपकन तोंडावर आली. बॅग बसच्या पोटात टाकली, पावती घेतली. ड्रायव्हर दारात उभा होता. मला वाटलं, निभावलं. अगदी मनापासून वाटलं, निभावलं बुवा.

"अक्का, चुकलंच माझं. खुणा बदलल्या रातोरात, नाहीतर..."

"खुणांचं काय एवढं," अक्का म्हणाली. "नंदू, दिगूचा फोन आला होता मला. अकरा तारखेला. ताप आहे म्हणाला, खोलीत एकटाच पडलोय. मी म्हटलं, नंदूकडं जा की चार दिवस. म्हणाला, कालच विचारलं अक्का, त्याच्याकडं जागा नाही."

चोराच्या मनात चांदणं असतं. दिगू गेल्यापासून मी त्याच चांदण्यात फिरत होतो आणि समजत होतो की दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

"सासूबाई यायच्या होत्या अक्का. आणि वृंदाला असं असताना, ताप म्हणजे..."

"सासूबाई वीसला आल्या ना?"

मी बॅगेची पावती तिच्यापुढं धरली.

"काल मी तुमच्या बैठकीच्या खोलीत झोपले," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. शाळेत एखाद्या पोराला गणित समजावून सांगावं तशी बोलत होती. "ऐसपैस झोपले. दोन माणसं झोपली असती."

ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं.

"आणि काल जिन्याशी तुला विचारलं, घरी न्यायचं ना म्हणून. तुला वाटलं असेल, अक्काला रीत ठाऊक नाही. माझ्या सासऱ्यांच्या अस्थी मीच परसातल्या चिंचेला टांगल्या होत्या. रीत मला ठाऊक आहे. नुसतं विचारलं. म्हटलं, बघू या खेपेला काय म्हणतोय." ती पायरी चढली. "तू म्हणाला असतास ना, चल घरी, तर मीच नको म्हटलं असतं. मीच म्हटलं असतं, लॉकरात ठेवू."

ती आत गेली. काचेतून मला दिसत होतं. खिडकीच्या सीटवर तिनं खोकं ठेवलं, त्याला पट्टा लावला आणि आपण कडेला बसली. बस निघाली तेव्हा तिनं वळून पाहिलं नाही. का पाहावं?

तिची माझी परत भेट झाली नाही. पत्र मी तीनदा लिहिलं. एकाचं उत्तर आलं, घाटावर सगळं यथासांग झालं, वृंदाला जपा.

त्या दिवशी मी भुयारातून न जाता वरच्या रस्त्यानं चालत घरी गेलो. पन्नास मिनिटं लागली. सबंध वाटभर मी स्वतःशी भांडत होतो. बाळाची काळजी नको का घ्यायला? मला काय ठाऊक, न्यूमोनिया होईल? दर रविवारी नूडल्सनंतर घरी येऊन बसायचा, रात्री दहा दहापर्यंत हलायचा नाही, कुणालाही कंटाळा आला असता. प्रत्येक गोष्ट खरी होती. पण कॉटवर झोपलेला मी आणि खाली सतरंजीवर दिगू हे डोळ्यांपुढून जात नव्हतं. आणि मी त्याला एकदा नाही, दोनदा बाहेर ठेवलं होतं. पहिल्यांदा त्यानं विचारलं होतं, दुसऱ्यांदा त्याला विचारताही येत नव्हतं.

घराची बेल वाजवली. सासूबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात आडवा केला.

"थांबा तिथंच. हात लावलात ना त्याला? पाणी आणते, पायांवर घ्या, मग आत या."

त्या तांब्या आणायला गेल्या. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. जिन्यात वारा होता. कोटाच्या खिशात हात घातला तर कालचं च्युइंगगमचं पाकीट लागलं, न फोडलेलं. आतून वृंदाचा आवाज आला.

"आई, येऊ दे ना गं त्याला. केवढी थंडी आहे बाहेर."

सोळा दिवसांपूर्वी, दिगूचा फोन चालू असताना मी रिसीव्हरवर हात ठेवून तिच्याकडं बघितलं होतं, तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती. येऊ दे ना त्याला. केवढी थंडी आहे बाहेर.